रविवारची साडेदहाची फेरी

ता. ३, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही. ही कोणी वाचायची नाही. वाचलीच तर अक्षर बघून शिका.

काल ठरलं. सोळा तारखेला, रविवारी, जुना बंगला आणि त्याची बाग बघायला जायचं. मी, सौ., आई, मुलगी, मेव्हणी आणि साडूभाऊ. आखणी माझ्याकडे. मी मागितली नव्हती, फक्त तीनदा सुचवली होती. सौ.ने अट घातली की ही सहल नीट पार पडली तर मोठ्या सुट्टीतला आठ दिवसांचा प्रवास मी आखायचा, नाहीतर साडूभाऊ आखतील.

साडूभाऊंनी गेल्या वर्षी सगळ्यांना तळ्यावर नेलं होतं. हातात कागद नाही, घड्याळ नाही, नुसतं 'बघू, जाऊ तसं'. घरातले अजून त्या दिवसाच्या आठवणी काढून खिदळतात. मला विचाराल तर तो निव्वळ योगायोग होता. मी बावीस वर्षं शहर बसची वेळापत्रकं करतोय. मला योगायोग चालत नाहीत.

ता. ४, मंगळवार. ऑफिसात, चहाच्या सुट्टीत
कच्चा आराखडा तयार. बंगल्यात दालनं २३, प्रत्येकी ७ मिनिटं. जिना, आईचे गुडघे धरून, ४ मिनिटं. बाग १२ मिनिटं.

ता. ४, संध्याकाळी
आईचं म्हणणं, तिला दालनांशी काही देणंघेणं नाही, बागेतल्या बाकावर निवांत बसायचंय. आराखड्यात बदल केला. 'बाग १२ मिनिटं (पैकी बाक ४)'. आईने कागद माझ्या हातात परत दिला. समाधान झालं असावं.

ता. ७, शुक्रवार. ऑफिसात
आज हात चालत होता. रविवारच्या फेऱ्यांची छाटणी केली. बंगल्याकडे जाणाऱ्या १४ नंबरला रविवारी तीन फेऱ्या होत्या: ८.३०, १०.३० आणि २.३०. पैकी १०.३० ला सरासरी तीन प्रवासी. तीन माणसांसाठी अख्खी बस पळवायची म्हणजे चैन झाली. उडवली. सोळा तारखेपासून लागू. आपण ८.३० नेच जाणार, आपलं काही अडत नाही.

साहेबांनी न बघता सही केली. विश्वास म्हणतात तो हा.

ता. ९, रविवार. दुपारी ४
रंगीत तालीम. जेवणाच्या खुर्च्या बससारख्या दोन-दोन लावल्या. एक शिट्टी म्हणजे चढा, दोन म्हणजे उतरा. मुलीने विचारलं की हे खरंच चाललंय का. मी म्हटलं, खरंच. साडूभाऊ खुर्चीत घोरायला लागले, पण वेळेत बसले होते, म्हणून गुण कापता आले नाहीत.

शेवटी मुख्य नियम सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतला. साडेआठ म्हणजे साडेआठ. जो राहिला तो राहिला. कोणासाठीही थांबायचं नाही.

आईने विचारलं, "मी राहिले तरी?"

"आई, तू राहिलीस तरी."

सौ.ने माझ्याकडे जे पाहिलं ते बहुधा कौतुक होतं.

ता. १३, गुरुवार
पिशव्यांना नंबर दिले. पिशवी १: माझं पाकीट, फोन, घराची किल्ली. सगळं मौल्यवान एकाच ठिकाणी, म्हणजे हरवायची भीती नाही. पिशवी २: सँडविच. पिशवी ३: पाणी. वेळापत्रक प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलं. काय दिसतंय! उशाशी ठेवणार आहे.

ता. १५, शनिवार
साडूभाऊंचा फोन. उद्या किती वाजता निघायचं म्हणे. वेळापत्रकाच्या तीन प्रती दिल्यात या गृहस्थांना. यांच्या हाती आठ दिवसांचा प्रवास द्यायचा?

ता. १६, रविवार. सकाळी ८.२२
थांब्यावर सहाही हजर. बस लागली. पिशव्या चढल्या. ऊन कोवळं, आई नव्या चपलांत, मुलगी चक्क हसतेय. वाटलं, उगाच लोक मला चिडवतात.

८.२४
लॅमिनेट उशाशीच राहिलं. घर तीन मिनिटांवर. आलोच.

८.२८
घराला कुलूप. किल्ली पिशवी १ मध्ये. पिशवी १ बसमध्ये.

८.३१
बस गेली.

८.४०
चिडलेलो नाही. उलट अभिमान वाटतोय. एका मिनिटाचाही उशीर नाही.

९.१५
खिशात ही वही, स्टाफ पास आणि शिट्टी. पास आहे म्हणजे काळजी नाही. १०.३० च्या बसने जाईन. फार तर सतरा दालनं चुकतील.

९.१६
१०.३० ची बस नाही.

१०.३५
थांब्यावर तीन माणसं जमली. बरोब्बर तीन. माझा आकडा कधी चुकत नाही.

१०.५०
तिघांपैकी एक आजी बहिणीला भेटायला निघाल्या आहेत, दर रविवारी जातात. ही फेरी ज्याने बंद केली त्याचा त्यांनी सविस्तर उद्धार केला. मग मला बिस्किट दिलं आणि विचारलं, असल्या माणसाला घरचे सांभाळतात तरी कसे? मी म्हटलं, घरचे पुढे गेलेत.

दुपारी १.००
भूक. पिशवी २ ची आठवण.

२.३०
बस वेळेत. आम्ही चौघे चढलो. आजींनी मला खिडकी दिली.

३.४०
बंगल्याचं फाटक. वॉचमन म्हणाला, शेवटचा प्रवेश साडेतीनला. मी म्हटलं, फक्त दहा मिनिटं झालीत, माझं अख्खं कुटुंब आत आहे. त्याने पाटीकडे बोट केलं. पाटी नीट होती. अशा पाट्या मीच लिहितो.

३.५०
गजांतून बाग दिसते. आई बाकावर. चपला काढून, पाय मुलीच्या मांडीवर. साडूभाऊ गवतात आडवे. सौ. आणि मेव्हणी कशावर तरी इतक्या हसतायत की एकमेकींना धरून उभ्या आहेत.

वेळापत्रकाप्रमाणे बाग कधीच संपायला हवी होती. शिट्टी तोंडात घेतली. एक फुंकर मारली असती तर सगळे उठून रांगेत आले असते, तालीम पक्की होती.

आईने डोळे मिटले होते. शिट्टी खिशात ठेवली. वारा उलटा होता, ऐकू गेली नसती.

संध्याकाळी ५.००
परतीच्या बसमध्ये सगळे भेटले. सौ.ने सांगितलं, सकाळी ड्रायव्हर थांबायला तयार होता. ओळखीचाच आहे. पण आई म्हणाली, "सोड बाबा गाडी. थांबलास तर त्यालाच आवडायचं नाही."

दालनं किती पाहिली? दोन. एकात मोठं घड्याळ होतं, कित्येक वर्षं बंद पडलेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तू असतास तर आपण तिथेच अडकलो असतो." मग खांद्यावर डोकं टेकून झोपली. पिशवी २ मध्ये माझं एक सँडविच ठेवलं होतं. आईने.

डोळ्यांत पाणी आलं. खिडकी उघडी होती, धूळ.

ता. १७, सोमवार. सकाळी ११
१०.३० ची फेरी पुन्हा सुरू केली. कारण: प्रवाशांची तीव्र मागणी. साहेबांनी न बघता सही केली.

ता. १८, मंगळवार. संध्याकाळी
जिंकलो. आठ दिवसांचा प्रवास एकमताने माझ्याकडे. साडूभाऊंनीच ठराव मांडला. सौ. म्हणाली, इतकी छान सहल आजवर झाली नव्हती, पुढचीही अगदी अशीच आखा.

साडूभाऊंनी उत्साहाच्या भरात आजच रेल्वेची तिकिटं काढून टाकली. पाच. मला पास आहे म्हणून असणार. तो फक्त शहर बसला चालतो, हे त्यांना माहीत नसावं. उद्या आठवणीने सांगायला हवं.