अणुभट्टी मोडणारा जावई

भीमपूर, कापूस वेचणीचे दिवस

तीर्थरूप सुधाकररावांना धाकट्या साडूचा, म्हणजे चंपतरावचा, वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुम्ही आणि ताईही खुशाल असाल असं धरून चालतो, कारण आज मला धीर नाही. आपल्या मयूरीचं लग्न जमलं! (म्हणजे जमल्यात जमा आहे. राहिलेलं खाली येतंच.)

मुलगा जीवन, मूळचा निर्मल गावचा, लांब कुठल्याशा अणुवीज केंद्रात इंजिनिअर. रविवारी पाहायला आला. पोहे झाल्यावर मयूरीच्या नागेशमामांनी काम काय करता म्हणून विचारलं, तर म्हणाला, म्हातारी झालेली अणुभट्टी बंद करून मोडायची कशी, त्याची आखणी करतो. स्वयंपाकघरातून आमच्या हिचा, रेणुकाचा, आवाज आला (ती हळू बोलली, म्हणजे चौकापर्यंतच ऐकू गेलं), ‘‘आवो, कंपनीच बंद करून राह्यला, तं मंग खाईन काय हा?’’ पोरगा मात्र शांत. म्हणाला, आधी इंधन काढायचं, ते वर्षानुवर्षं पाण्यात निवू द्यायचं, मग एकेक नळी धुऊन, तपासून, कापून काढायची; यातच माणसाची नोकरी सरते. त्यातला कमी घातक कचरा सिमेंटात बंद करून पुरायचा आणि त्यावर तीनशे वर्षं नजर ठेवायची. तीनशे वर्षं म्हटल्यावर मामा मांडी बदलून पुढे सरकले. इतकी टिकाऊ नोकरी आमच्या मंडळातल्या एकाही गावात कोणी ऐकलेली नाही. नातवाचंबी भागते का त्यात, असंही त्यांनी विचारून घेतलं. पण भट्टी बांधायच्या आधीच ती मोडायची कशी हे ठरवून ठेवतात, असं ऐकल्यावर मात्र म्हणाले, ‘‘लग्नात तेवढं नोको करू बाप्पा.’’

घोटाळा पुढेच झाला. हात धुवायला तो मागच्या अंगणात गेला आणि त्याला आमचं कोठार दिसलं. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आपल्याकडे कोणी फेकत नाही, हे तुम्ही जाणता. आमच्याकडे वडिलांच्या वेळचेसुद्धा आहेत. एकात ज्वारीचं बियाणं, एकात म्हशीचं पाणी. संसारी माणूस म्हणून छाप पडावी, या हेतूने मी एकेक डबा हौसेने दाखवला. पोरगा पांढराफटक पडला. अणुकचऱ्यात वावरणारा माणूस माझ्या कोठाराला भ्याला, याचा मला आधी थोडा अभिमानच वाटला. तेवढ्यात मयूरी (शाळेत रसायन शिकवते ना) बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘मी बाबाले कवापासून सांगून राह्यली, आयकतच नाहीत.’’ झालं. दोघांनी हातमोजे चढवले, तोंडाला रुमाल बांधले, डबे पुन्हापुन्हा धुतले, धुतलेलं पाणीसुद्धा वेगळं साठवलं, भोकं पाडली आणि सगळं झाकणाच्या ड्रमात भरलं. आवडीनिवडी कोणी कोणाला विचारल्या नाहीत. कोणता डबा जास्त घातक यावर मात्र कडाकडा भांडले, आणि भांडता भांडता हसत सुटले. सुधाकरराव, पोर इतकी मोकळी हसताना मी फार दिवसांनी पाहिली.

जाताना म्हणाला, हुंडा नको, मानपान नको. फक्त हा ड्रम विहिरीपासून आणि माणसांपासून लांब, कोरड्या जागी कुलपात ठेवा. राखण कोण करणार, त्याच्यानंतर कोण, हे ठरवा आणि मगच साखरपुड्याची तारीख कळवा. मयूरी म्हणते, तोवर तीही हो म्हणणार नाही.

तुमचा,
चंपतराव

ता.क. : गावात घरोघर विचारून आलो. लग्नाला सगळ्यांना यायचंय, ड्रम कोणालाच नको. वांकिडीच्या तुमच्या शेतातली पक्क्या फरशीची खोली रिकामीच आहे ना? डबे गोळा करणारी गाडी येईपर्यंतच. ती कधी येते, हे इथे कोणालाच ठाऊक नाही.

आणखी एक : राखणदार म्हणून तुमचं नाव जीवनला कळवलं. त्याला फार आनंद झाला.

शेवटचं : रेणुकाचं म्हणणं, आधी विचारा, मग पाठवा. म्हणून हे पत्र ड्रमच्याच टेंपोतून पाठवतोय. ते तुमच्या हातात मयूरी देईल. तुमचं वाचून होईपर्यंत ती समोरून हलणार नाही, आणि तिला आजवर तुम्ही कशालाच नाही म्हटलेलं नाही.