शेवटचं प्रकरण आधी

१४ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी चिठ्ठी मिळाली. दोनदा वाचली; दुसऱ्यांदा तू जरा कमी रागावलेली वाटलीस. फोन उचलत नाहीस, म्हणून मीही लिहितेच. इकडे ठीक. ग्रंथालयाचं छत पुन्हा गळतंय, आणि बांधणीच्या टेबलाशी मी, माझी खळीची वाटी आणि कंबरदुखी. भाऊजींना जेवण जातंय का?

आता तुझी तक्रार. होय, तुझ्या चिमणीला ती भुताखेतांची पुस्तकं मीच देते. सोळा वर्षांखालच्या मुलांना ती हवी असतील तर कार्डावर आईची सही लागते. तीही मीच ठोकली. प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचे, तेव्हापासून हात बसलाय.

तू लिहितेस, घरात काय कमी आहे म्हणून पोरीने बाहेरून भीती आणावी? मलाही तसंच वाटायचं. ही पुस्तकं शिवायला आली की मी नाक मुरडायचे. मुखपृष्ठावर रक्त, आत बंद पडलेली शाळा, आणि तळघरात एकट्याने उतरू नये एवढीही अक्कल नसलेली चार पोरं. पण सगळ्यात जास्त खिळखिळी होऊन येतात ती हीच. थोरामोठ्यांची चरित्रं कपाटात ठणठणीत आहेत.

चिमणी कशी वाचते, पाहिलंयस? शेवटचं प्रकरण आधी, मग पहिलं पान. मी म्हटलं, "अगं, मग मजा काय राहिली?"

"कोण मरणार ते कळलं ना मावशी, की नीट घाबरता येतं," ती म्हणाली. "आणि यातली मोठी माणसं खोटं बोलली तर पकडली जातात."

ताई, पोरीला सगळं कळतं. तू भाऊजींना साधी कावीळ झालीय म्हणतेस आणि औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं खरवडून काढतेस. ते तुकडे कचऱ्यातून उचलून तिने वहीत जुळवून चिकटवलेत. माझीच खळ नेली होती त्यासाठी.

सोमवारी तिने सरळ विचारलं, "बाबा बरे होणार का?" मी विषय बदलला, बिस्किटं पुढे केली. ती दोन दिवस फिरकली नाही. मला माझीच फार लाज वाटली. आज आली, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सांगितलं, की नाही, डॉक्टरांनी दोन-तीन महिने म्हटलंय.

खूप रडली गं. मग म्हणाली, "आईला सांग मला कळलंय. तिला माझ्यासमोर रोज हसावं लागतं."

हे सांगणं तुझं होतं, मी तुझ्या हातातून ओढून घेतलं. त्याबद्दल तुला काय हवं ते मला बोल, जन्मभर बोल. तिला मात्र काही बोलू नकोस.

ही चिठ्ठी तिच्याच हातून पाठवतेय. दाराखालून सरकवून ती बाहेर पायरीवर बसली असेल. तुझी वाचून होईपर्यंत आत यायचं नाही, असं आमचं ठरलंय.

दार उघड, ताई. आणि आज हसू नकोस.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
धाकटी