मशीन सोडून उठले

९ जाने., शुक्र.
तापीत जलकुंभी दाटलीय, बोट उतरतच नाही. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये रोइंग मशीनवरच सगळं. सहा जणी एका रांगेत, पुढचीची पाठ बघत एका लयीत ओढायचं. माझ्यापुढे मैत्रीण हेतल, तिची लय मला पाठ, म्हणजे सोपं. उद्याच्या टेस्टवर बोटीतल्या चार जागा ठरणार. लाइटवेट गटात वजन बसायला हवं म्हणून कोच सरांनी आजपासून पाणी बंद केलंय. "एक घूँट भी नहीं." हेतलचे ओठ फुटलेत.

१० जाने., शनि.
दोन हजार मीटर. संपत आलं होतं आणि हेतलच्या हातातून हँडल सुटलं. साखळी खाडकन आत, ती सीटवरून खाली. बाकीच्या ओढतच राहिल्या. सगळ्या! मी पायाचे पट्टे सोडून धावले, तोंडाला बाटली लावली. सर माझ्या स्क्रीनकडे बघत होते. "तुझे किसने उठने को बोला? टेस्ट अधूरी. बाहर." तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस आहे की...
घरी आई : "तू कसाले उठनी?" पप्पा पलसाण्याहून मिलमधून आले, ऐकून एवढंच, "बरं करं, उठनी ते."

१२ जाने., सोम.
सगळ्यांसमोर विचारलं, सर, पाणी का बंद केलंत? हसले. "किसका पानी बंद किया मैंने? बोलो." कुणी तोंड उघडलं नाही. हेतलसुद्धा बुटाची नाडी बांधत बसली! परत टेस्ट घेऊन तिला बोटीत घेतलं. मी बाहेरच.

१४ जाने., उत्तरायण
आमचं सगळं गोडादरा पतंग घेऊन गच्चीवर. हेतल उंधियूचा डबा घेऊन आली. मी तिला जिन्यातच उभी केली.
"बोलती तो मेरी सीट भी जाती."
म्हटलं, माझी कुणामुळे गेली? रडायला लागली. डबा घेतला नाही मी. आईने घेतला. अशी चीड आली की...

१६ जाने., शुक्र.
सरांचा फोन. एकीचं वजन बसत नाहीये. उद्या सकाळी ये, टेस्ट दे, पण आधी सगळ्यांसमोर माफी माग.
"कशाची?"
"तुझे पता है." ठेवला.
पप्पा म्हणतात जाऊ नको. आई म्हणते, माफी मागितल्याने काय जातं? जातं! पण बोटही हवीय मला. माझ्या अंगमेहनतीची आहे ती जागा, त्यांच्या मेहरबानीची नाही.
पिशवी भरली. आरशासमोर 'सॉरी सर' म्हणून बघितलं. दात आवळूनच येतोय शब्द.