चार गोळ्या आणि एक मार्कर

२ फेब्रुवारी
आरोग्य खात्याचा कागद दारात. हत्तीरोग हटवायचाय म्हणून घरोघरी गोळ्या. म्हणे डास चावून बारीक जंत अंगात शिरतात, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, मग पाय सुजतो. तीन गिळायच्या, एक चावायची, तीही गोळ्यांच्या ताईंच्या डोळ्यांदेखत. मी घाबरत नाही. मला काही झालेलंच नाही, तर औषध कशाला? तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ फेब्रुवारी, सकाळी ९
ताई आल्या. कागद पाठ होता: रिकाम्या पोटी गोळ्या देत नाहीत. म्हटलं, सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही. ही आतून ओरडली, मग तीन अंडी कुणी चापली? ताई हसून म्हणाल्या, उद्या येते. उद्या खरंच उपाशी राहायचं. प्लॅन पक्का.

५ फेब्रुवारी
राहिलो. ताई परत गेल्या. दुकानात गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवताना भोवळ आली. त्याच्याच मांडीवर डोकं टेकलं. तो बूट न घेताच गेला.

६ फेब्रुवारी
मालकांचा हुकूम: गोळ्या घेतल्याची शाई बोटाला नसेल, त्यानं दुकानात यायचं नाही. खोक्यांवर नंबर टाकायचा मार्कर होताच. हुबेहूब जमलं. मालकांनी पाठ थोपटली.
संध्याकाळी ताई घरी. हिनं आणि मुलीनं गोळ्या घेतल्या. माझं बोट बघून ताई म्हणाल्या, दुकानातच घेतल्या वाटतं? मी हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली. वहीत टिक झाली. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

७ फेब्रुवारी
हिला ताप, डोकेदुखी. बघा! मी म्हणतच होतो! तावातावानं ताईंना गाठलं. त्या म्हणाल्या, अंगातले जंत मरताना असा ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरेल.
म्हणजे हिच्या अंगात होते. आम्ही एकाच खोलीत झोपतो. डास काय नाव विचारून चावतात?

८ फेब्रुवारी
हिचा ताप उतरला. माझा डावा पाय मात्र जाड वाटतोय. टेपनं सात वेळा मोजला. दोनदा उजवा जाड निघाला. टेन्शन डबल.
शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली उशीएवढा. त्यांच्या मापाचा बूट आमच्या दुकानात नाही, कुठल्याच दुकानात नाही. काका म्हणाले, पाय सुजायच्या आधी गोळ्यावाले त्यांच्याही दारी आले होते, तेव्हा ते कपाटामागे लपले होते. सांगताना हसले. मला हसू आलं नाही. लिहूनच टाकतो: मी भितो. फार भितो.

९ फेब्रुवारी
मोहिमेचा शेवटचा दिवस. भरपेट जेवून आरोग्य केंद्रावर धावलो. ताई म्हणाल्या, तुमची टिक आहे, दुसऱ्यांदा देता येत नाहीत. मग भरल्या रांगेत सांगावं लागलं की बोट मीच रंगवलंय. रांगेत मालक होते. गोळ्या मिळाल्या. ताईंनी सगळ्यांसमोर आ करायला लावून जिभेखालीही बघितलं.

१० फेब्रुवारी
ताप १०१. म्हणजे माझ्याही अंगात होते. किती वर्षं, कोण जाणे. हिनं कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि विचारलं, मग माझ्या अंगात आले ते तुमच्याकडूनच ना? डासानं फक्त पोचवले? म्हटलं, सॉरी. लग्नाला अकरा वर्षं झाली, हिनं हा शब्द पुन्हा म्हणायला लावला.