मोजा निघाला तिथेच थांबायला हवं होतं

ती. मावशीस,

पाया पडते, लांबूनच, कारण समोर यायला तोंड उरलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? (हे मनापासून विचारते आहे. पुढच्या मजकुरासाठी जागा करते आहे असं समजू नकोस.)

तू दिलेल्या वॉशिंग मशीनमधलं पाणी मागच्या आठवड्यात बाहेर जाईना. बाबा म्हणाले, "घरात पदवीधर असताना मेकॅनिक कशाला?" पदवी इतिहासाची आहे, हे सांगायचं सोडून मी त्यांना स्वावलंबनावर भाषण दिलं. मग खालचं फिल्टरचं झाकण फिरवलं, फरशीवर तळं झालं आणि आतून बाबांचा हरवलेला मोजा निघाला. आईने तो चिमटीत धरून अख्ख्या जिन्याला दाखवला. मावशी, मशीन तेव्हा दुरुस्त झालं होतं गं. पण उघडलंच आहे तर आतून समजून घेऊ, अशी मला हौस आली. मागचा पत्रा काढला, पट्टा उतरवला, पुसला, परत चढवला. शेवटी एक स्प्रिंग हातात उरली. (ती कुठली, हे तिलाच ठाऊक.) तेव्हापासून मोटर नुसती गुरगुरते, ड्रम जागचा हलत नाही. आईने विचारलं, "झालं का गं?" आणि माझी मान आपोआप होकारार्थी हलली.

काल मुलाखतीहून लवकर परतले, तर मशीन रिकामंच गुरगुरत होतं आणि न्हाणीघराचं दार लावून आई चादरी धोपटत होती. डॉक्टरांनी पिळायची बंदी केलेल्या त्याच मनगटाने! मशीन कशाला चालू ठेवलंस, विचारलं तर म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या काकूंना आवाज गेला पाहिजे ना. सगळ्यांना सांगून बसलेय, पोरीने मशीन बरं केलं म्हणून." जगाला खरेपणा शिकवायला निघालेली मी, ओल्या फरशीवर पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. मग चादरीचं दुसरं टोक धरलं, एवढंच. मेकॅनिकचं नाव काढलं की आई म्हणते, "चांगल्या मशीनला मेकॅनिक कशाला?"

बाकी सगळं ठीक.

तुझी (शिकलेली) भाची

ता. क. तुमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला घेऊन येशील का? पण काकांचा चुलतभाऊ म्हणून आण. हत्यारं कपड्यांच्या पिशवीत, आणि वर एखादा टॉवेल.

ता. क. २. हा खोटेपणा मला सहन होईना, म्हणून आत्ताच खाली जाऊन काकूंना सगळं खरं सांगून आले. त्या म्हणाल्या, "अगं, धोपटणं ऐकू येतं की आम्हाला, पहिल्या दिवसापासून. पण तुझ्या आईला कळू देऊ नकोस हं. फार खुशीत असते बिचारी." तेव्हा चुलतभावालाच आण. स्प्रिंग मी जपून ठेवली आहे.