बुडणाऱ्याचं भाषण

१२ जून १९५५
विलायतेच्या किनाऱ्यावर तुफानात जहाज अडकलं की तोफ उडते, आणि कोळी ताटावरून उठून बुडणाऱ्यांना वाचवायला होडी लोटतात. पगार नाही. सव्वाशे वर्षं हेच चाललंय! पुस्तक मिटलं आणि ठरवलं — वैनगंगेच्या आमच्या घाटावर असं दल हवंच. दर पावसाळ्यात एखादा माणूस जातोच.

१९ जून
सभेत दीड तास बोललो. सहा जण दलात आले. पोहणारा एकही नाही. पाणी ओळखणारा दादाजी ढिवर, तो बसूनच राहिला. म्हणाला,
"बुडत्याले नदी घेते, भाऊ. तिच्या हातचं हिसकलं त मंग ती हिसकनाऱ्याले मागते."
शुद्ध अंधश्रद्धा! पण त्याच्याशिवाय दल म्हणजे नुसती मिरवणूक.

३ जुलै
सराव. तिकडे बुचाची जाकिटं, इकडे कमरेला वाळलेले भोपळे. बुडणाऱ्याचं सोंग माझं. गुडघाभर पाण्यात उभं राहून नागरिकांच्या कर्तव्यावर बोललो. शेवटच्या "धावा"ला दलातल्या लटारूनं डोंगा लोटला. काठावर टाळ्या.

१७ जुलै
दंडारीच्या नाचगाण्याला जमते तेवढी गर्दी. सुगंधाबाईनं भज्यांची कढई मांडलेली. मला बाहेर काढलं, तर "वन्स मोअर!" पुन्हा बुडलो.
दादाजी लांबून म्हणाला, "नदीची मस्करी करून राह्यले तुमी."

७ ऑगस्ट
पाणी चढलेलं. "बंधूंनो" म्हणालो आणि पायाखालची वाळू गेली. "वाचवा" ओरडलो — अगदी मनापासून. काठावर टाळ्या. लटारू वल्हं धरून उभाच. नंतर म्हणतो, "भाषन त झालंच नाई, कसा निंघू?" अंगावर भोपळेही नव्हते. बुडणाऱ्याला ते कशाला, हा नियम माझाच.
केस धरून ओढलं ते दादाजीनं. मला काठावर टाकलं आणि घरी गेला.

८ ऑगस्ट
दादाजीचा डोंगा दिवसभर बांधलेला. त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मनकर्णा दारात आडवी. "आता बोला न, भाऊ. नदी याले मागन त काय देता?"
अंधश्रद्धेवर मी केव्हाही तासभर बोलतो. आज दारातूनच परत फिरलो.

१४ ऑगस्ट
दादाजी दलात आला. "आता नदी मले मागन. मले काढायले मानसं त पायजेत. तुमी साती जन उद्यापासून पोहाले शिका."
"हो" म्हणालो. एवढंच.