सुकाणूवरचा हात

थेरगाव

प्रिय दिव्या,

पत्र बघून दचकू नकोस. रोज फोनवर तोंडं दिसत असताना बाबांना टपालाची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगतो.

आम्ही सुखरूप पोचलो. आल्यापासून आई भेटेल त्याला तुमच्या कालव्याचं कौतुक ऐकवते आहे. होडीतच स्वयंपाकघर, होडीतच बिछाने, आणि चाल अशी की काठानं कुत्रं फिरवणारी म्हातारी आपल्याला मागं टाकून जाते. शेजारचे रंगराव म्हणाले, महाळुंग्याच्या रस्त्यावर कंपनीची बसही याच वेगानं जाते, त्यासाठी विलायतेला कशाला जायचं? पण खरं सांगतो पोरी, जन्मभर मी शिफ्टच्या भोंग्यावर पळालो. पाण्यावर झुकलेली ती झाडं, जेवणं झाली तरी रेंगाळणारा उजेड, पुढच्या टोकाला बसून भाजी निवडणारी तुझी आई. घाई नसलेला दिवस कसा असतो, ते मला तिथं कळलं.

तू मात्र परतताना गप्प होतीस, आणि अजून फोनवर हातचं राखून बोलतेस. अजिंक्यनं हौसेनं होडी ठरवली आणि मी सुकाणूचा दांडा काही सोडला नाही. जावयाला आठवडाभर नुसते दोर ओढायला लावले, हे तुला लागलं. शेवटच्या दिवशी तू म्हणालीस, "बाबा, तुमचा दुसऱ्याच्या हातावर विश्वासच नाही." त्याचं उत्तर आज लिहितो.

विश्वास नव्हता, पण तो माझ्याच हातावर. टूलरूममध्ये केसापेक्षा बारीक माप साधणारा हा उजवा हात आता चहा सांडतो. निघण्याआधीच डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. तुझी सुट्टी नासू नये म्हणून मी आईला शपथ घातली. होडीवर पाहिलं, तर इंजिनाच्या धडधडीनं तो दांडा सारखा थरथरत होता. त्यावर हात ठेवला की थरथरतंय कोण, हे कुणाला कळणार? म्हणून मी तिथून हललो नाही. तू आणलेला चहा टपावर ठेवायला सांगायचो आणि तू आत गेलीस की दोन्ही हातांनी प्यायचो.

एकाला मात्र कळलं. एका लॉकमध्ये, कालव्याच्या दोन दरवाजांच्या मधे, होडीखालचं पाणी उतरायची वाट बघत थांबलो होतो. अजिंक्यनं इंजिन बंद केलं. दांडा थांबला, हात थांबला नाही. मी तो खिशात घातला, पण त्यानं बघितलं होतं. पुढच्या लॉकला इंजिन चालूच ठेवून, दोर घेऊन तो काठावर उतरला. त्यानंतर त्यानं दांडा कधी मागितला नाही. तू माझ्यावर चिडलीस तेव्हाही त्यानं तोंड उघडलं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. मला तो उच्चीचा लाभला. त्याच्यावर रागावू नकोस.

फोनवर मी हात टेबलाखाली ठेवतो. कागदावर तो लपत नाही. आईकडून लिहून घेता आलं असतं, पण हे वेडंवाकडं अक्षर तू स्वतः बघावंस म्हणून पत्र लिहिलं. मला भीती वाटते, दिव्या. दिवाळीला येशील तेव्हा चहा टपावर ठेवू नकोस. माझ्या हातात दे, आणि कप तूही धर.

तुझाच,
बाबा